स्टार्टअपचे पाच राउंड, तिथलं काम आणि ऑफर लेटर: कोकणातल्या घरांसाठी सोप्या भाषेत

जुलै २०२५ मध्ये टीसीएस या मोठ्या आयटी कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्या ज्या घरात इंजिनिअर मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे हा विषय निघालाच. ‘मोठ्या कंपनीत लागला की मिटलं’ असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता तसं म्हणवत नाही. आणि त्याच वेळी शेजारच्या वाडीतल्या कुणाला तरी बंगळुरूच्या, कधी नावही न ऐकलेल्या कंपनीची ऑफर येते. पगाराचा आकडा मोठा, पण त्यातला काही भाग ‘शेअर’मध्ये. त्याआधी इंटरव्ह्यूचे पाच राउंड झालेले. आईवडिलांना कळत नाही, पेढे वाटावेत की काळजी करावी. आणि जो चौथ्या राउंडला गळला त्याला तर आपलं काय चुकलं हेसुद्धा कुणी सांगत नाही.

मी मूळची कुडाळकडची. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि अशाच कंपन्यांसाठी उमेदवारांचे इंटरव्ह्यूही घेते. लोणेरे, आंबव, रत्नागिरी, कणकवली इथल्या कॉलेजांतली मुलं समोर येतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उत्तर डोक्यात असतं, पण ते तोंडातून बाहेर येत नाही. प्रश्न समजला नाही तरी विचारत नाहीत, कारण मोठ्यांना उलट विचारू नये असं लहानपणापासून शिकवलेलं. आणि नेमकं या नोकरीत, इंटरव्ह्यूपासून राजीनाम्यापर्यंत, विचारल्याशिवाय काहीच मिळत नाही.

स्टार्टअप किंवा ‘वेगाने वाढणारी कंपनी’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक आयटी कंपन्या दुसऱ्यांचं काम करून देतात. एखादी परदेशी बँक सांगते, अमुक प्रोग्राम बनवून द्या, इतकी माणसं लावा, इतके पैसे घ्या. काम वाढलं की माणसं वाढतात. म्हणून तिथे एका वर्षी हजारोंनी फ्रेशर (नुकतेच पास झालेले) घेतले जातात आणि सुरुवातीचा पगार बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहतो.

दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या स्वतःची वस्तू बनवतात: पैसे पाठवायचं ॲप, किराणा घरपोच देणारं ॲप, दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर. ती वस्तू एक लाख लोकांनी वापरली काय किंवा एक कोटी लोकांनी, इंजिनिअर त्या पटीत वाढवावे लागत नाहीत. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेण्याचा सौदा जाहीर केला, तेव्हा ते ४५ कोटी लोक वापरत होते आणि कंपनीतले इंजिनिअर होते जेमतेम तीस-बत्तीस. एकेका इंजिनिअरवर एवढा भार असेल तर कंपनी निवडताना किती चाळणार आणि निवडल्यावर पैसे का जास्त देणार, हे त्यातून समजतं.

वाढीसाठी लागणारा पैसा बहुतेकदा गुंतवणूकदारांचा असतो. इथे एक शब्द लक्षात ठेवा: रनवे. हातातले पैसे संपायला किती महिने आहेत, तो रनवे. खात्यात ६० कोटी आहेत आणि उत्पन्न वजा जाता महिन्याला ५ कोटी खर्च होतात, तर रनवे १२ महिने. या शब्दाची गरज पुढे पडेल.

वाढीचा आणखी एक परिणाम बाहेरून दिसत नाही. पाच माणसांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०. दहा माणसं झाली की ४५. पन्नास झाली की १,२२५. कोणी कोणाला काय सांगायचं हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. मग टीम फोडतात, पुन्हा जोडतात, वर्षभरात साहेब बदलतो, काल केलेलं काम आज बाजूला पडतं. घरी फोनवर मुलगी सांगते, ‘माझी टीमच बदलली,’ तेव्हा लगेच काही तरी बिनसलंय असं समजू नका. वाढत्या कंपनीत हे होतच असतं.

पाच राउंडमध्ये बघतात तरी काय?

पहिला राउंड बहुधा ऑनलाइन टेस्ट. कॉम्प्युटर तपासतो, गर्दी कमी करणं एवढंच त्याचं काम. मग एक किंवा दोन कोडिंगचे, म्हणजे प्रोग्राम लिहायचे राउंड, समोर इंजिनिअर बसलेला. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या ‘मशीन कोडिंग’ घेतात, म्हणजे दीड-दोन तासांत एक छोटा पण खरोखर चालणारा प्रोग्राम लिहून दाखवायचा. त्यानंतर डिझाइन राउंड: एखादी मोठी यंत्रणा कशी उभी कराल ते सांगा. फ्रेशरना हा राउंड हलका असतो, कधी नसतोही. शेवटी मॅनेजर आणि एचआर.

युनिव्हर्सिटीच्या पेपरशी याची तुलना करू नका. पेपर तपासणाऱ्याला फक्त उत्तरपत्रिका दिसते. इथे तपासणारा तासभर समोर बसून तुमचा विचार कसा चालतो ते बघतो आणि नंतर लिहून देतो. मला इंटरव्ह्यू संपल्यावर एक फॉर्म भरावा लागतो: प्रश्न समजून घेतला का, पर्याय तोलले का, चूक दाखवल्यावर काय केलं, कोड तपासला का. मुलगा वीस मिनिटं खाली मान घालून गप्प बसला असेल, तर या रकान्यांत मी काय लिहू? शेवटी उत्तर बरोबर आलं तरी ते त्याला सुचलं की पाठ होतं, हे मला कळलेलं नसतं.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू: गणपतीचं तिकीट

डिझाइन राउंडला तिकीट बुकिंगचा प्रश्न जगभर विचारतात. बाहेर तो सिनेमागृहाचा असतो. आपण आपला घेऊ. कोकण रेल्वेच्या गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होते) सकाळी ८ वाजता उघडतं. गणपतीच्या तारखांना त्या एका मिनिटात सगळी मुंबई-ठाणे तुटून पडते. प्रश्न: ही यंत्रणा बनवा.

बरीच मुलं लगेच नावं घ्यायला लागतात: अमुक डेटाबेस वापरेन, तमुक क्लाउड घेईन. मी थांबून राहते. ज्याला काम येतं तो आधी विचारतो. ‘मधल्या स्टेशनांची तिकिटंही विकायची आहेत का? पैसे भरायला किती वेळ द्यायचा? वेटिंग लिस्ट हवी का? एका मिनिटात साधारण किती लोक येतील असं धरू?’ यात वेळ जातो असं मुलांना वाटतं. खरं तर माझ्या फॉर्मचे दोन रकाने एवढ्यातच भरतात.

मग पहिली मांडणी साधीच असते. बर्थची एक यादी, प्रत्येकीसमोर ‘रिकामी’ किंवा ‘भरलेली’. कोणी आलं की बघायचं, रिकामी असेल तर भरलेली करायची. आता मी विचारते, ‘लालबागचा एक माणूस आणि डोंबिवलीचा एक माणूस, दोघांनी एकाच क्षणी तीच बर्थ मागितली तर?’ दोघांसाठी कॉम्प्युटरने यादी बघितली, दोघांना ‘रिकामी’ दिसली, दोघांनीही ‘भरलेली’ लिहिलं. एका बर्थची दोन तिकिटं. याला रेस कंडिशन म्हणतात: दोन कामं एकमेकांत घुसल्यामुळे होणारी चूक. इथे चांगला उमेदवार थांबतो आणि म्हणतो, ‘माझ्या पद्धतीत दोघांनाही तिकीट मिळेल, हे चुकतंय.’ या वाक्याला मी किती महत्त्व देते ते सांगून पटणार नाही. जो स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने म्हणतो, त्याच्याबरोबर काम करणं सोपं असतं.

उपाय असा की ‘बघणं’ आणि ‘लिहिणं’ या दोन पायऱ्या ठेवायच्याच नाहीत. डेटाबेसला, म्हणजे ही यादी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, एकच हुकूम द्यायचा: रिकामी असेल तरच भर. एका बर्थसाठी डेटाबेस एका वेळी एकाचाच हुकूम पुरा करतो. दुसऱ्याला ‘मिळाली नाही’ असं स्वच्छ उत्तर जातं.

पुढचा पेच पैशाचा. बर्थ मिळाली, आता यूपीआयने पैसे भरायचे. तेवढ्यात नेटवर्क गेलं. ती बर्थ कोणासाठी किती वेळ अडवून ठेवायची? मग तिसरी अवस्था आणावी लागते, ‘दहा मिनिटांसाठी राखीव’. वेळ संपली की आपोआप मोकळी. आणि पैसे गेले, पण ‘मिळाले’ हा निरोप परत आला नाही तर? माणूस पुन्हा बटण दाबणार. दोनदा पैसे कापले तर घरी कल्लोळ. म्हणून प्रत्येक मागणीला एक नंबर द्यायचा आणि तोच नंबर पुन्हा आला तर नवं काही न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं.

इतकं झाल्यावर मी मधली स्टेशनं काढते, आणि इथे आपल्या मुलांनी सगळ्यांच्या पुढे असायला हवं. कोकणकन्येची एकच बर्थ मुंबई ते चिपळूण एकाला विकता येते आणि चिपळूण ते कुडाळ दुसऱ्याला. म्हणजे ‘रिकामी किंवा भरलेली’ असा एक रकाना पुरतच नाही. दर दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला वेगळा रकाना हवा, आणि मुंबई-कुडाळ तिकीट द्यायचं तर मधले सगळे रकाने एकाच हुकुमात रिकामे मिळायला हवेत. (खऱ्या रेल्वेत स्टेशनवार कोटे असतात, तो गुंता इथे सोडून देऊ.) चिपळूणला डबा अर्धा रिकामा होताना ज्याने बघितलाय त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. बोलायचं धाडस तेवढं हवं.

शेवटी गर्दी. आलेल्यांपैकी बहुतेक जण नुसतं बघत असतात, बुकिंग थोडेच करतात. बघणाऱ्यांना काही सेकंद जुना आकडा दाखवला तरी चालतो, त्यासाठी वेगळी प्रत ठेवायची. बुक करताना मात्र मूळ यादीच विचारायची. ‘शिल्लक ४’ बघून बटण दाबलं आणि वेटिंग हातात पडलं, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. तो अशा रचनेमुळे येतो.

तासात एवढं सगळं कोणाकडूनच होत नाही. अर्ध्यावर पोहोचलेला, पण प्रत्येक पावलाला ‘हे असं करतोय कारण…’ सांगणारा उमेदवार पुढच्या राउंडला जातो.

पण हे न्याय्य आहे का?

पुरतं नाही. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरचं ट्विट गाजलं होतं. त्याने बनवलेलं होमब्रू हे सॉफ्टवेअर गुगलचे ९० टक्के इंजिनिअर वापरतात, पण फळ्यावर ‘बायनरी ट्री’ नावाची रचना उलटी करून दाखवता आली नाही म्हणून गुगलने नाकारलं, अशी त्याची तक्रार होती.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०२० चा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना सारखाच प्रश्न दिला. काहींनी परीक्षकासमोर बोलत बोलत सोडवला, काहींनी बंद खोलीत एकट्याने. परीक्षक बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. समोर बसून सोडवणाऱ्या गटातल्या एकाही मुलीला तो जमला नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना जमला. अभ्यास लहान आहे, तरी त्यातली गोष्ट मला रोज दिसते. बऱ्याचदा आपण ज्ञानाऐवजी भीतीच मोजत असतो.

कंपन्या हळूहळू शिकतायत. गटाराची झाकणं गोल का असतात, असली कोडी पूर्वी विचारायचे. गुगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये उघड सांगितलं की अशा कोड्यांनी काहीच कळत नाही. चार इंटरव्ह्यूंनंतर आणखी इंटरव्ह्यू घेऊन निर्णय फारसा सुधारत नाही, हेही गुगलला स्वतःच्याच आकडेवारीत दिसलं. म्हणून एखादी कंपनी आठ राउंड घेत असेल, किंवा ‘घरी बसून आठवडाभरात एवढं बनवून द्या’ म्हणून फुकट काम सांगत असेल, तर नम्रपणे विचारा की पुढे किती टप्पे आहेत आणि या कामाला किती तास अपेक्षित आहेत. उत्तर टाळलं तर त्या कंपनीबद्दल पुरेसं कळलं.

तोपर्यंत उपाय एकच: कोणीतरी बघत असताना सोडवण्याचा सराव. होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीला समोर बसवा, फोनवर टायमर लावा आणि मोठ्याने बोलत सोडवा. आधी मराठीत, जमलं की इंग्रजीत. शेकडो प्रश्न मुकाट्याने सोडवून जे साधत नाही ते अशा थोड्याशा बैठकांनी साधतं.

आता एआय कोड लिहितं, मग हे सगळं कशाला?

कारण बर्थचे रकाने टप्प्याटप्प्याने हवेत, हे एआयला कोणीतरी सांगावं लागतं आणि त्याने दिलेलं चुकलंय हे कोणाला तरी ओळखावं लागतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कॅनव्हा कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं की उमेदवारांनी इंटरव्ह्यूत एआय वापरावं अशीच त्यांची अपेक्षा आहे. दुसरीकडे गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी निदान एक राउंड समोरासमोर हवा, असं त्याच वर्षी सांगितलं. आधी विचारा, वापरलेलं चालेल का. लपवून वापरलं तर ‘ही ओळ का लिहिली?’ एवढ्या एका प्रश्नात उघडं पडतं. आणि समोरासमोरच्या राउंडसाठी बंगळुरूला बोलावलं तर प्रवासखर्चाचंही विचारा. बऱ्याच कंपन्या देतात, पण मागणाऱ्यालाच.

इंग्रजी कच्चं आहे, कॉलेज छोटं आहे, त्याचं काय?

कॉलेजचं नाव पहिल्या चाळणीत आडवं येतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणजे आत काम करणाऱ्या कुणाची तरी शिफारस. तिला ‘रेफरल’ म्हणतात, पण तो वशिला नाही. रेफरलने अर्ज वाचला जातो, राउंड स्वतःलाच पार करावे लागतात. गावातून, कॉलेजमधून गेलेली माणसं शोधा आणि दोन ओळीत स्पष्ट लिहा: कोणत्या जागेसाठी, तुम्ही काय बनवलंय, त्याची लिंक. ‘काहीतरी जॉब असेल तर बघा’ या निरोपावर कोणी काही करू शकत नाही.

इंग्रजीची भीती मात्र गरजेपेक्षा मोठी आहे. व्याकरण चुकलं म्हणून मी कोणाला नाकारलेलं नाही. छोटी वाक्यं बोला. ‘फर्स्ट आय चेक धिस. देन आय राइट. प्रॉब्लेम इज, टू पीपल कम टुगेदर.’ एवढं मला पूर्ण कळतं. लांबलचक पाठ केलेल्या वाक्यात माणूस हरवतो तेव्हा कळत नाही.

नोकरी लागल्यावर रोज काय करतात?

पहिला धक्का कोड रिव्ह्यूचा. तुम्ही लिहिलेला बदल आत घेण्याआधी दुसरा इंजिनिअर ओळ न ओळ वाचतो आणि शेरे लिहितो. पहिल्या आठवड्यात एवढ्याशा बदलावर शेऱ्यांची रांग लागते. मुलं खचतात. तो अपमान नसतो. दहा वर्षं जुन्या इंजिनिअरच्या कोडवरही शेरे पडतात.

इतकी सावधगिरी का, ते १९ जुलै २०२४ ला जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे पाठवला आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. म्हणून बदल आधी थोड्याच लोकांकडे पाठवायचा, बघायचं, मग वाढवायचं, अशी शिस्त असते.

दुसरा धक्का ‘ऑन-कॉल’. पाळी लावून एकेका आठवड्याला एक इंजिनिअर जबाबदार असतो. रात्री दोनला यंत्रणा बिघडली तर फोन त्याला. लग्नाच्या मांडवात लॅपटॉप उघडलेला दिसला तर हेच कारण. गणपतीच्या आठवड्यातली पाळी दोन महिने आधीच बदलून घ्या. सहकाऱ्याला सांगितलं तर तो आनंदाने घेतो, त्याच्या ओणमला किंवा पोंगलला तुम्ही घ्या.

आणि चूक झाली तर? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर रात्री बिघाड दुरुस्त करत होता. दोन सर्व्हर (डेटा साठवणारे कॉम्प्युटर) उघडे होते. रिकामं करायचं होतं एक, हुकूम गेला दुसऱ्याला. सेकंद-दोन सेकंदात लक्षात येऊन त्याने थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या, म्हणजे जादा प्रत ठेवण्याच्या, पाच पद्धती होत्या, त्या वेळी एकही धड चालत नव्हती. शेवटी एक सहा तास जुनी प्रत सापडली म्हणून कंपनी वाचली. मधल्या तासांतला डेटा गेला. पण गिटलॅबने काहीच लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि काय घडलं ते सगळं लिहून प्रसिद्ध केलं. त्या माणसाला काढलं नाही. प्रश्न ‘कोणी केलं’ हा नव्हता, ‘एका हुकुमात हे होऊच कसं शकलं’ हा होता. चांगल्या कंपन्यांत प्रत्येक बिघाडानंतर अशी बैठक होते. तिथे टिकतो तो लगेच सांगणारा. शिक्षेच्या भीतीने दोन तास गप्प राहणारा कंपनीचंही नुकसान करतो आणि स्वतःचंही.

सगळ्या कंपन्या अशा नसतात. काही ठिकाणी निव्वळ अव्यवस्थेलाच वेग म्हणतात, रोजचे बारा तास म्हणजे निष्ठा समजतात. म्हणून शेवटच्या राउंडला ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा ‘नो सर’ म्हणू नका. विचारा, ‘गेल्या महिन्यात ऑन-कॉलवाल्याला रात्री किती वेळा उठावं लागलं? शेवटचा मोठा बिघाड झाल्यावर तुम्ही काय बदललंत?’ खरं काम करणारा माणूस यावर दहा मिनिटं रंगून बोलतो.

गावाहून काम करायचं असेल तर आणखी एक. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढं दरवर्षी होत नाही, पण जून-जुलैत लाइन जाणं ठरलेलं. इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट आणि वीज गेलीच तर जवळच्या शहरात बसायची जागा, हे आधीच मॅनेजरला सांगून ठेवलं तर कोणी नाक मुरडत नाही.

ऑफर लेटरमधले २० लाख म्हणजे किती?

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा खर्च. हातात येणारा पगार वेगळा. समजा २० लाख लिहिलेत. त्यात १२ लाख पक्के, २ लाख कामगिरीवर, १ लाख जॉइनिंग बोनस, ५ लाखांचे शेअर. पक्क्या १२ लाखांतही कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही, जी साधारणपणे सलग पाच वर्षं राहिल्यावरच मिळते. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात. म्हणजे घर चालवायचा हिशेब १२ लाखांतून पीएफ-ग्रॅच्युइटी वजा करून करायचा, २० वर नाही.

शेअरचा भाग म्हणजे बहुतेक ठिकाणी ईसॉप: कंपनीचे शेअर आज ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी विकत घेण्याचा हक्क. आपल्याकडे मोहोर बघून आंब्याची बाग कराराने घेतात, तसंच काहीसं. रक्कम आज ठरते, आंबा किती येईल ते पुढे कळतं. पीक आलं तर करारदार कमावतो. फरक एवढाच की ईसॉपमध्ये आज पैसे भरायचे नसतात आणि पीक गेलं तर घेतलं नाही तरी चालतं. तुमचं जातं ते वेगळंच: याच्या आशेवर जो पक्का पगार कमी घेतला, तो.

सगळी बाग एकदम हाती येत नाही. हक्क साधारणपणे चार वर्षांत थोडे थोडे मिळतात. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी काहीच नाही, तसा कायदाही आहे. आणि कंपनी शेअर बाजारात नसेल तर पिकलेला आंबा वाशीला न्यायला रस्ताच नाही, अशी गत. कागदावर ५० लाख दिसतील, पण घेणारा कोणी नाही. त्यात कर आहे. हक्क वापरून शेअर घेतले की त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही दिलेला भाव यातला फरक पगार धरला जातो आणि त्यावर आयकर लागतो, हातात रोख आली नसली तरी. काही ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना २०२० पासून हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे. आपली कंपनी त्यात बसते का, विचारा. नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला किती दिवस मिळतात हेही विचारा. कुठे ९० दिवस असतात, कुठे काही वर्षं, आणि नेमका याच ओळीवर बऱ्याच जणांचा हक्क बुडतो.

दोन्ही टोकं खरी आहेत. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरली, तेव्हा ५०० हून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाले. ऑनलाइन शिकवणी देणाऱ्या बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर लावली होती आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिथल्या ईसॉपच्या कागदांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

कंपनी बुडाली तर पोराचं काय?

आईवडिलांचा खरा प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. तिशीच्या आतल्या, दोन वर्षं खरं काम केलेल्या इंजिनिअरला दुसरी नोकरी बहुधा मिळते, कारण त्याने जे हाताळलंय ते सांगता येतं. पण मधले तीन-चार महिने कोरडे जाऊ शकतात. घरावर कर्ज असेल, एकट्याच्या पगारावर सगळं असेल, तर ईसॉप कमी आणि पक्का पगार जास्त मागा. तशी अदलाबदल बऱ्याच कंपन्या करतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला जमेपर्यंत गाडीचा हप्ता घेऊ नका.

सही करण्याआधी रनवे विचारा. ‘किती महिन्यांचा रनवे आहे आणि शेवटची गुंतवणूक कधी आली?’ नेमका आकडा सांगणार नाहीत कदाचित, पण ‘दीड वर्षाहून जास्त’ एवढं सांगायला हरकत नसते.

आणि रुजू झाल्यावर दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेला पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पैशांची ओढाताण सुरू झाली की पगाराआधी हाच भरणा थकायला लागतो. लागोपाठ दोन महिने रक्कम जमा झालेली दिसली नाही, तर एचआरला ईमेलवर लेखी विचारा आणि त्याच आठवड्यात ओळखीच्यांना रेफरलसाठी निरोप पाठवा.